उचल, उतरव, थांब

भाषेच्या बाईंना पहिल्यापासून एक खोड होती. समोरचा माणूस गप्प बसला, की हा नेमका का गप्प आहे हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. त्यांचा नवरा म्हणायचा, तू शिक्षिका झालीस ते बरं, नाहीतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काही खरं नव्हतं.

सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या संध्याकाळचा वर्ग घेत. कामासाठी परदेशातून आलेली मोठी माणसं तिथे इथली भाषा शिकायला येत. इस्पितळातली एक नर्स होती, एक बेकरीवाला होता, आणि बांधकामावर क्रेन चालवणारा एक उंच, सडपातळ माणूस होता. आणखीही काही जण होते. दिवसभर राबून आलेली ही माणसं "हा माझा भाऊ आहे, ही माझी बहीण आहे" असं एका सुरात म्हणत आणि तास संपला की मुकाट्याने जिना उतरत. वाचनालयाच्या संगणकांवर भाषा शिकवणारा एक प्रोग्रॅमही होता. रिकाम्या जागी बरोबर शब्द भरला की हिरवी खूण, चुकला की लाल. बेकरीवाला त्यात भलताच तरबेज झाला होता. पण पिठाचा ट्रक उशिरा आला, तर ड्रायव्हरशी तो अजूनही हातवारे करूनच भांडायचा.

बाईंचा धाकटा दीर समारंभांचे व्हिडिओ जुळवून द्यायचा. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्याच्यापाशी ही रड सांगितली. तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "वहिनी, तुमच्या त्या संगणकाला उत्तर बरोबर की चूक एवढंच कळतं. त्या माणसांना काय सांगायचंय, हे कोण विचारतं?"

बाई विचारात पडल्या. घरी निघायच्या आत त्यांनी दिराकडून वर्गाचा एक ब्लॉग करून घेतला. त्यावर फोटो टाकता येत, आवाज टाकता येत, व्हिडिओ टाकता येत. वाचनालयाच्या प्रमुखांनी कपाळाला आठ्या घालून एका सत्रापुरती परवानगी दिली. बाईंनी नियम अगदी साधा ठेवला. दर आठवड्याला प्रत्येकाने आपण पाहिलेली एक गोष्ट टाकायची आणि तिच्याबद्दल स्वतःच्या आवाजात बोलायचं. इतरांनी त्यावर प्रश्न विचारायचे, तेही आवाजातच. वर्गाची उत्सुकता भागेपर्यंत बाई चुका सुधारणार नाहीत.

सुरुवातीला सगळे बिचकले. मग नर्सने एका उशीचा फोटो टाकला. खाली तिचा आवाज होता: "एक आजी म्हणाली, माझं डोकं उठलंय. मी पळत गेली. डोकं तिथेच होती. डोकं उठून कुठे जातो?" ते ऐकताना बाईंना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने उत्तरादाखल व्हिडिओ टाकला. परातीतला पिठाचा गोळा हळूहळू फुगत वर येत होता आणि बेकरीवाला गंभीरपणे विचारत होता, "माझी पीठ पण उठतंय. आजीचं डोकं असंच?" त्या संध्याकाळी वर्गात पहिल्यांदाच आवाज झाला. डोकं उठणं, डोकं फिरणं, डोकं खाणं, डोक्यावर बसणं, डोक्यावरून पाणी जाणं, असं करत तास कधी संपला ते कुणाला कळलं नाही. रखवालदाराला वर येऊन दिवे घालवायची धमकी द्यावी लागली.

क्रेनवाला मात्र शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसे. काही विचारलं की मान खाली. बाईंनी त्याला बोलतं करायचे सगळे उपाय करून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी, असं दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं. बाईंची उत्सुकता उलट वाढतच गेली.

मग एके दिवशी त्याची नोंद आली. फोटोत खूप खाली रस्ता, काडेपेटीएवढी वाहनं आणि गच्च्याच गच्च्या. आवाज सुरू केला तर आधी नुसता वारा घोंघावला, आणि मग तो बोलू लागला. थांबेचना. "मी केबिनमध्ये आहे. जेवणाची सुट्टी आहे. खाली जायला वेळ फार लागते, म्हणून मी वरच जेवते. इथे कोणी नाही. कोणी हसत नाही. म्हणून मी बोलतो. माणसं छोटा दिसते. कपडे वाळत आहे. एक मांजर तीन घरात जेवतो. त्या घरांना माहीत नाही."

बाईंनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. वर्गात त्याची वाचा बसायची, ती वर आभाळात उघडत होती. खाली उतरल्यावर हेच सगळं वर्गातली माणसं ऐकणार आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण बोलताना ती समोर नसत, एवढ्यावर त्याचं निभत होतं. वर्गातल्या लोकांनी मांजरीबद्दल प्रश्नांचा भडिमार केला आणि त्याने दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीत एकेकाला उत्तर दिलं.

काही आठवडे असेच गेल्यावर त्याने एक व्हिडिओ टाकला. बांधकामासमोरच्या रस्त्यापलीकडे एका घराची गच्ची दिसत होती. गच्चीवर करड्या शालीतलं कुणीतरी उभं राहून हात हलवत होतं. क्रेनवाला म्हणाला, "एक माणूस रोज मला हात करते."

"माणूस की बाई?" नर्सने विचारलं. "तुम्ही म्हणता 'माणूस', आणि म्हणता 'करते'."

"बाई," त्याचं उत्तर आलं. "पण ती हात नाही करतो. ती मला काम सांगतो."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. क्रेनच्या केबिनमध्ये खालचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून खाली एक जण उभा राहून हातांनी खुणा करतो. हात वर करून बोट फिरवलं की उचल. हात खाली धरून फिरवलं की उतरव. हात आडवा ताणला की थांब. गच्चीवरची बाई नेमक्या त्याच खुणा करत होती: उचल, उचल, थांब, उतरव, पुन्हा उचल. पहिल्यांदा त्याला वाटलं, थट्टा चाललीय. पण थट्टा करणारा माणूस रोज उन्हात उभा राहील कशाला?

आता मात्र सगळा वर्ग चेकाळला. बेकरीवाल्याचं म्हणणं, तिला आवाजाचा त्रास होतोय, म्हणून ती 'थांब' सांगते. कुणी म्हणालं, तिचा नवरा असंच काम करत असेल. कुणाला वाटलं, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि हा वाक्प्रचार बरोबर वापरल्याबद्दल त्याला वर्गाने शाबासकीही दिली. नर्सने व्हिडिओ बराच वेळ मागेपुढे करून पाहिला. तिचा आवाज आला तो शांत होता: "तिचा उजवा हात मागे राहते. डावा हात त्याला ढकलतो. ती बाई आजारी होती. आता बरी होते आहे."

ते ऐकल्यापासून बाईंच्या मनातून ती गच्ची जाईना. हात दुखतोय तर व्यायाम घरात करावा. क्रेनच्या खुणाच कशासाठी?

त्याच सुमारास घोटाळा झाला. बांधकामावरच्या इंजिनिअरच्या कानावर कुणीतरी घातलं की तुमचा क्रेनवाला केबिनमधून व्हिडिओ करून जगाला दाखवतो. त्याने क्रेनवाल्याला बोलावून केबिनमध्ये फोन न्यायला साफ मनाई केली. त्या संध्याकाळी क्रेनवाला वर्गात आला आणि हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर बसला. बाईंना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या तडक बांधकामावर गेल्या.

त्यांनी मनात चांगलं भांडण रचून नेलं होतं, पण इंजिनिअर भांडखोर निघाला नाही. त्याने त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, बसायला खुर्ची दिली आणि सरळ सांगितलं की हा माणूस सुट्टीतच बोलतो हे त्याला पटतं, त्याच्या कामातही खोट नाही. पण एकाला सूट दिली की उद्या दुसरा काम चालू असताना फोन काढील, आणि खाली माणसं असतात. बाईंना हे खोडून काढता येईना. त्या उठल्या तेव्हा तो म्हणाला, "आणखी एक विचारू? त्या गच्चीवरच्या बाईंचा व्हिडिओ तुम्ही लावलाय. त्यांना कुणी विचारलंय का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस सगळ्यांना प्रश्न विचारायला शिकवत होत्या आणि हा एक प्रश्न त्यांना सुचला नव्हता. घरी येताच त्यांनी तो व्हिडिओ काढून टाकला, दिराला फोन करून ब्लॉग फक्त वर्गापुरता खुला ठेवायला लावला, आणि पुढच्या तासाला वर्गापुढे चूक कबूल केली. मग म्हणाल्या, आता जाऊन त्यांना विचारायला हवं.

कोण जाणार, हा प्रश्नच नव्हता. ओळख होती ती एकट्या क्रेनवाल्याची. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आभाळातून बोलणं वेगळं आणि दारात उभं राहून बोलणं वेगळं. पण वर्गाने त्याला सोडलं नाही. नर्सने दार उघडणारी बाई केली, बेकरीवाल्याने संशयी शेजारी केला, आणि त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतलं. शिवाय वाटेत ऐकायला म्हणून बाईंनी सगळी वाक्यं आपल्या आवाजात त्याच्या फोनमध्ये भरून दिली.

रविवारी सकाळी बाई, नर्स आणि तो असे तिघं निघाले. वरून तळहातावरच्या रेषांसारखं सगळं पाठ असलेला तो माणूस खाली रस्त्यावर पार गोंधळला. वरून त्याला गच्च्या दिसत. खाली नुसती दारं होती. तो चुकीच्या गल्लीत शिरला, परत आला, क्रेनकडे मान वर करून पाहिलं, हाताने दिशा धरली, आणि एका हिरव्या दारापाशी थांबला. कानाला लावलेला फोन त्याने खिशात टाकला आणि घंटा वाजवली.

दार एका तिशीतल्या बाईने उघडलं. ही त्या घरातली सून, हे मागाहून कळलं. क्रेनवाल्याची घोकलेली वाक्यं तिला बघताच पसार झाली. त्याने वर आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाला, "मी वरून आलो आहे. तुमच्या आजारी बाईला भेटायला."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. आजारी सासू घरात असताना असलं बोलणं कुणाला रुचणार? ती दार लावूनच घेणार होती, तोच बाईंनी पुढे होऊन क्रेन, वर्ग, खुणा सगळं एका दमात सांगितलं. सून दारालाच टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "या आत," ती म्हणाली. "त्या 'वरच्या माणसा'साठीच रोज गच्चीवर जातात आमच्या सासूबाई."

जिना चढताना तिने सांगितलं. सासूबाई फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायच्या. सगळा बाजार त्यांना मावशी म्हणायचा. त्यांच्या तोंडासमोर उभं राहायची कुणाची टाप नव्हती. मागच्या हिवाळ्यात मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द गेले. समजतं सगळं. काय म्हणायचंय तेही माहीत असतं. तोंडात शब्दच येत नाही, किंवा भलताच येतो. हाताच्या व्यायामाचा त्यांना भारी कंटाळा. मग गच्चीवर बसल्या बसल्या बांधकामावरच्या माणसाच्या खुणा बघून त्यांनी तशाच करायला सुरुवात केली. "तोंडाने काही सांगता येत नाही ना," सून म्हणाली, "पण हात वर केला की समोर एवढी मोठी क्रेन हलते. त्यांना वाटतं, आपलं ऐकलं."

मावशी गच्चीवरच्या खुर्चीत बसल्या होत्या. अंगावर तीच करडी शाल होती. त्यांनी बाईंकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं, आणि क्रेनवाल्यापाशी नजर थांबली. त्याने उजवा हात उंच केला आणि बोट फिरवलं. मावशींचं तोंड एका बाजूने उजळलं. डाव्या हाताने उजव्याला आधार देत त्यांनीही हात वर नेला.

मग चहा आला. क्रेनवाल्याच्या कपातून थोडा सांडला आणि त्याने इकडेतिकडे पाहिलं. कपाखाली ठेवायची ती वस्तू ट्रेमध्येच राहिली होती. "मला ती... ती द्या," तो म्हणाला. "कपाची... छोटी ताट."

मावशी पुढे झुकल्या. त्यांना ती वस्तू दिसत होती, शब्द मात्र सापडत नव्हता. "ता... नाही," त्या म्हणाल्या. "कप... टोपी... नाही, नाही."

सून सवयीने सांगायला गेली. बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. का ठेवला ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. त्यांना फक्त पुढे काय होतं ते बघायचं होतं.

"टोपी नाही," क्रेनवाला विचार करून म्हणाला. "टोपी वर. ही खाली. कपाची बूट?"

मावशी हसल्या. पोट हलेपर्यंत हसल्या. त्याने घाई केली नाही, कारण पुढे करायला त्याच्यापाशीही शब्द नव्हता. तो नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत बसला. चहा निवत चालला. मावशींनी ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"ब," त्या म्हणाल्या. "ब... बशी."

"बशी," तो म्हणाला.

"बशी," मावशी जोरात म्हणाल्या, जणू बाजारातच उभ्या होत्या.

सुनेने तोंड फिरवलं. जरा वेळाने ती बाईंना हळूच म्हणाली, "आम्ही सगळे त्यांचं वाक्य पुरं करतो हो. त्यांना त्रास नको म्हणून." बाईंनाही वर्गात तेच करायची सवय होती. कुणी अडलं की त्या चटकन शब्द पुरवत, आणि माणूस तो घेऊन गप्प बसे.

निघायच्या आधी बाईंनी येण्याचं खरं कारण सांगितलं. विचारल्याशिवाय व्हिडिओ लावला याची माफी मागितली. आता तो पुन्हा वर्गाला दाखवला तर चालेल का, असं विचारलं. 'नाही' म्हणालात तर पुसून टाकू, हेही सांगितलं. मावशींनी मान हलवली नाही. त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि त्यांच्या तोंडून एकही अक्षर न अडखळता आलं, "एक वार, दोन वार, तीन वार!" आणि डावा हात त्यांनी मांडीवर थाडकन मारला.

नर्स चकित झाली. सून म्हणाली, म्हणजे सौदा पक्का, खुशाल दाखवा; हे एवढं मात्र कुठे गेलेलं नाही. आकडे आणि लिलावाची बोली झोपेतून उठवलं तरी येते. घरी जाताना बाई सारखा तोच विचार करत होत्या. वर्षानुवर्षं पुकारलेले शब्द एका कप्प्यात सुखरूप राहिले आणि बशी दुसऱ्या कप्प्यातून हरवली. हे कप्पे असतात तरी कुठे? त्यांनी नर्सला विचारलं, नर्सने डॉक्टरांना विचारलं, मावशी वर्गाशी बोलल्या तर चालेल का तेही विचारलं, आणि डॉक्टरांनी मावशींना वर्गाबरोबर खुशाल बोलू द्या, फक्त दमवू नका, असं सांगितलं.

अशा रीतीने मावशी ब्लॉगवर आल्या. सून टॅब्लेटवर फोटो काढून द्यायची आणि मावशी बोलायच्या. पहिल्या नोंदीत नुसती कात्री होती आणि बराच वेळ श्वासाचा आवाज. शेवटी 'सुरी' म्हणाल्या, आणि त्यावर चिडून एक अस्सल बाजारी शिवी हासडली, तीही अगदी स्पष्ट. तिचा अर्थ काय, म्हणून वर्गातून एकसाथ प्रश्न आले. बाईंनी प्रयोगाच्या नियमाला जागून तो सांगितला.

क्रेनवाला आता फोन खालीच ठेवून वर जाई आणि संध्याकाळी वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसून बोले. पहिले काही दिवस त्याचा आवाज दबका होता. पण मावशी एखाद्या शब्दासाठी अडून बसल्या की तो खुर्ची पुढे ओढून ऐकत राहायचा आणि पाठीमागे कोण उभं आहे याचं त्याला भान राहायचं नाही. त्याच्या चुका मावशींना लगेच कळत. ऐकताना त्यांचं डोकं पहिल्यासारखंच तल्लख होतं. तो चुकला की त्यांची पुढची नोंद ओरडूनच सुरू होई, "नाही!" बरोबर काय ते सांगताना मात्र त्याच अडत. मग नोंदीमागून नोंद टाकत दोघं मिळून शोधत. काही शब्द मिळत, काही मिळत नसत. सगळे दिवस सारखे नव्हते. एका आठवड्यात मावशी एक अक्षर बोलल्या नाहीत आणि टॅब्लेट पलंगावर फेकून दिला, असं सुनेने कळवलं.

सत्र संपलं तेव्हा वाचनालयाच्या प्रमुखांनी विचारलं, प्रयोगाने गुण वाढले का? लेखी परीक्षेत फारसा फरक पडला नव्हता. बेकरीवाल्याचे तर दोन कमीच झाले होते, कारण गाळलेल्या जागेत तो आता स्वतःचे शब्द भरू लागला होता. बाईंनी ते खरंखरं सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की हल्ली वर्गात त्यांना बोलायला वाव मिळत नाही. प्रमुखांनी पुन्हा कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढच्या सत्राला परवानगी दिली.

इमारत पुरी झाली. क्रेनचे तुकडे करून ते ट्रकवर चढवले गेले आणि क्रेनवाल्याची बदली गावाच्या दुसऱ्या टोकाला झाली. आता त्याला ती गच्ची दिसणार नव्हती. नव्या जागी पोचल्यावर त्याने फाटकाबाहेर उभं राहून एक फोटो टाकला. नुसता खड्डा होता, त्यात पाणी साचलेलं, काठावर बदकं. खाली तो म्हणाला, "इथे अजून काही नाही. फक्त बदकं आहेत. उद्यापासून आम्ही त्यांना त्रास देणार."

बाई घरी स्वयंपाकघरात ते ऐकत होत्या, तेवढ्यात त्या नोंदीखाली मावशींचा आवाज आला. अडखळत नव्हता. जरा जाड, पण सलग.

"जेवलास का रे?"

बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. आजवर मावशींकडून एकेक शब्द यायचा. असं पुरं वाक्य, तेही प्रश्नाचं, कधी आलं नव्हतं. बाईंनी लगेच सुनेला फोन लावला आणि कुणी शिकवलं, कसं जमलं, किती वेळ लागला, असे प्रश्नांवर प्रश्न विचारले. सून म्हणाली, मला काय माहीत? सकाळपासून सगळ्यांना खोलीबाहेर काढून बसल्या होत्या. आत काय केलं ते सांगत नाहीत, विचारलं की हसतात.

फोन ठेवून बाईंनी पुन्हा ब्लॉग उघडला. क्रेनवाल्याचं उत्तर येऊन पडलं होतं. मागे गाड्यांचा आवाज होता, कुणीतरी त्याला हाका मारत होतं, आणि तो तोंडातला घास गिळत म्हणत होता, "जेवतोय, मावशी. तुम्ही जेवलात?"